भोपळ्याला खाली बसता आलं पाहिजे

ऑक्टोबर लागला की माझ्याकडे पूर्वी फक्त दिवाळीची परकर-पोलकी यायची. आता त्यात हॅलोविनची भर पडली आहे. बालवाडीच्या ग्रुपवर ‘मुलांना स्पूकी ड्रेसमध्ये पाठवावे’ असा निरोप पडतो आणि दुसऱ्या दिवशी आया कापड घेऊन दारात. लहान मुलींच्या पोशाखाबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. ३१ ऑक्टोबरला तिच्या शाळेत हॅलोविन आहे. सासूबाई म्हणतात, सणासुदीला पोरीला भूत कशाला करायचं, अभद्र दिसतं. मलाही हा सण नक्की काय ते ठाऊक नाही. पाठवू का, आणि काय घालू? (जुळे सोलापूर)

१ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. त्याच्या मुळाशी आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्ट लोकांचा, सुगी संपतानाचा एक जुना सण आहे असं मानतात. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून सोंगं घ्यायची, ही समजूत. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मिळाला, आणि तो कोरायला सोपा. सासूबाईंना एवढंच सांगा, की हे सोंग भुताला चकवण्यासाठी आहे. नातीच्या गालावर काजळाची तीट त्या लावतातच ना, तसलंच हे. तरी नाही पटलं तर भूत टाळा. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशीच होती. सकाळी उटणं लावून अंघोळ आणि संध्याकाळी भूत, हे माझ्या घरीही कुणाला पचलं नव्हतं.

तुमच्या लेकीसाठी भोपळा करा. अभद्र म्हणायला जागा नाही, आणि सगळ्यांना बघताच कळतो. मात्र मी पहिला भोपळा शिवला तेव्हा जी चूक केली ती करू नका. गोल दिसावा म्हणून मी आत फोम आणि कापूस ठासून भरला होता. दिसायला झकास. पण त्या पोरीला खाली बसता येईना. खाऊ वाटला तेव्हा हात तोंडापर्यंत पोचेनात. बाकी मुलं सतरंजीवर आणि ही भिंतीला टेकून उभी. तिची आई काही बोलली नाही, पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे गेली.

आता मी आत काहीच भरत नाही. केशरी सुती कापडाचा बिनबाह्यांचा झगा, घेर छातीच्या मापाच्या दुप्पट, गळ्याशी चुण्या, आणि खाली मांडीशी सैल इलॅस्टिक. कापड आपोआप फुगतं, बसलं की चपटं होतं, उठलं की पुन्हा फुगतं. डोळे-तोंड काळ्या कापडाचे त्रिकोण कापून शिवायचे. डोक्यावर हिरव्या कापडाची गुंडाळी बसवलेला हेअरबँड, तोच देठ. खाली पांढरी लेगिंग. कापडासाठी आपल्या सोलापूरच्या चाटी गल्लीत, कापडबाजारात, चक्कर मारा. कुणी गणवेशाच्या कारखान्यात ओळखीचं असेल तर केशरी कटपीस तिथेही मिळून जातो, आपल्या गावात त्याला तोटा नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीसाठी ऑनलाइन चेटकिणीचा ड्रेस मागवला. ‘८-९ वर्षे’ लिहिलेला आला तो छातीत घट्ट, गुडघ्याच्या बराच वर आणि पाठीला नुसती नेट. परत करायची मुदत संपली. काय करता येईल? (होटगी रोड)

लेबलावरचं वय म्हणजे अंदाज. मागवताना उंची आणि छाती मोजायची आणि तक्त्याशी ताडून बघायची. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या. मोठं बारीक करता येतं, उलटं होत नाही.

आलेला ड्रेस वाया जाणार नाही. दोन्ही बगलांच्या शिवणी उसवून काळ्या सुती कापडाची दोन-दोन इंचांची पट्टी घाला. नेटच्या पाठीला आतून मलमलचं अस्तर लावा. खाली जाड काळी लेगिंग. कमरेला कडक नेट टोचत असेल, आणि ती टोचतेच, तर शिवणीवर सुती पट्टी मारून कडा झाका. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात पॉलिस्टर सॅटिनमधून घाम निघत नाही. अर्ध्या तासात मुलगी खाजवायला लागते आणि आपण म्हणतो, नाचत का नाही.

एक गोष्ट मला खटकते ती इथेच लिहिते. मुलांसाठीचा अग्निशामक दलाचा पोशाख बघा : पँट, खिसे, मोठी टोपी. मुलींसाठीचा तोच शोधा, फ्रॉक येतो. चेटकीण मागवली तरी कंबर आवळलेली. नऊ वर्षांच्या पोरीला कंबर कशाला लागते? बिनधास्त मुलग्यांच्या रकान्यातून मागवा. सांगाडा, समुद्री चाचा, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कुणाच्याही पँटीवर नाव लिहिलेलं नसतं.

आणि चेटकिणीचा झगा घरीच शिवा, अर्ध्या दिवसाचं काम. दीड मीटर कापड, ४४ इंच पन्ह्याचं. लांबीच्या बाजूच्या मध्यावर खूण करा. त्या खुणेपासून चार इंचांवर गळ्याचा अर्धगोल आणि २८ इंचांवर खालचा अर्धगोल आखा. २४ इंच लांबीचा अर्धवर्तुळाचा झगा निघतो, गुडघ्याच्या आसपास येणारा. गळ्याला नाडी लावायची नाही, हे पक्कं. झगा कुठे अडकला तर नाडी गळ्याला आवळते. एकच टिचबटण किंवा वेल्क्रोचा तुकडा लावा, ओढ बसली की सुटलं पाहिजे. शिवून झाल्यावर मी स्वतः मागून ओढून बघते.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची. तिच्या आईला ती परी व्हावी असं वाटतं. ती म्हणते, ‘मला हडळच व्हायचंय की!’ तिला गोष्टीत कुठेतरी हडळ भेटली आहे. काय करू? (विजापूर रोड)

हडळ करा! इतके दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होते. ड्रॅक्युला दहा येतील, हडळ एकच येईल. कोण व्हायचं ते मुलीने ठरवावं, कापड आणि शिवण आपण ठरवावी, असा माझा नेम आहे. तिच्या आईला सांगा, परी गॅदरिंगला करू. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते ही समजूत मात्र सात वर्षांच्या पोरीला आत्ता सांगायची गरज नाही. तिला उलटे पाय पुरेत.

नेसवायच्या भानगडीत पडू नका. जुन्या सुती साडीची शिवलेली नऊवारी घ्या, आतून पायजमा असतो तशी. पळता येतं, आणि कमरेला इलॅस्टिक असल्याने बाथरूमला कुणाची मदत लागत नाही. कुठलाही पोशाख घेताना हा प्रश्न आधी विचारा : एकटीला जाऊन येता येईल का? मागे लांब चेन असलेले अखंड झगे मी शिवायचे बंद केले ते यामुळेच.

उलटे पाय असे करा. रोजचे कॅनव्हासचे बूट घ्या. जुन्या मोज्यात कापूस भरून पाऊल बनवा, दोऱ्याने आवळून पाच बोटं काढा, आणि ते बुटाच्या टाचेला मागच्या बाजूने शिवा. जमिनीपासून अर्धा इंच वर राहू द्या, नाहीतर घासत जाईल. तीन इंचांपेक्षा लांब नको, मागून येणाऱ्या मुलाचा पाय पडतो आणि दोघं आपटतात. बुटाचं खरं टोक काळ्या कापडाने झाकून टाका. अंधूक उजेडात असं दिसतं की मला स्वतःला एकदा दचकायला झालं होतं.

केसांचा टोप नको, फार उकडतं. दोन दिवस केस विंचरले नाहीत की झालं.

प्रश्न : मुलगी सावळी आहे. परीसाठी चेहरा-हात उजळ दिसतील असं फाउंडेशन लावायला पार्लरवाली सांगते. लावू का? (अशोक चौक)

नाही. परीचा रंग कुठेही ठरलेला नाही. गडद रंगाच्या मुलीला पांढऱ्या-गुलाबीपेक्षा मोरपिशी, जांभळा किंवा झेंडूचा पिवळा घाला, ती उठून दिसते. पोरीला परी व्हायला आधी गोरं व्हावं लागतं, हे आईनेच तिला शिकवायचं का?

प्रश्न : तोंडाला रंग लावला तर चालेल का? आणि ते दिवे लागणारे मुकुट? स्कूटरवरून न्यायचं आहे. (एका आईचे तीन प्रश्न)

रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. लाली, खाज आली तर नको. डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक नसेल तर घेऊच नका. शाळेच्या हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ नको. ‘काळी मेंदी’ अजिबात नको, त्यातल्या केस काळे करायच्या रसायनाने फोड येऊ शकतात.

मुकुटाच्या बॅटरीचं झाकण स्क्रूचं आहे का बघा. त्या चपट्या गोल बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर अन्ननलिका भाजून निघते. अशी शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठायचा. पणत्यांजवळ नेट आणि सॅटिन दोन्ही घातक. नेट क्षणात पेट घेतं आणि सॅटिन वितळून कातडीला चिकटतं.

स्कूटरवर झगा, ओढणी, पंख काहीही अंगावर नको. पिशवीत घालून न्या, शाळेच्या दारात घाला.

प्रश्न : धाकटी दोन वर्षांची आहे, काही घातलं की रडते.

मग नका घालू.

प्रश्न : उद्याच कार्यक्रम आहे. शिवणयंत्र नाही. घरात जुनी सोलापुरी चादर आहे, तिला डोळ्यांची भोकं पाडून भूत करावं म्हणते.

अहो, ती जाड, दोन्ही बाजूंनी नक्षीची, पोरीच्या अंगावर ओझं होणार. भूत नव्हे, आवरलेली गादी चालत आल्यासारखं दिसेल. शिवाय भोकं जागेवर राहत नाहीत, दोन पावलं टाकली की डोळ्यांसमोर कापड येतं आणि पोरगी धडपडते.

आजोबांचं जुनं धोतर किंवा साधं मांजरपाट घ्या. मधोमध चेहरा पूर्ण बाहेर येईल एवढं गोल कापा, कडेला मोठे टाके घालून त्यात इलॅस्टिक ओवा. लांबी पोटरीपर्यंत. हात बाहेर काढायला बाजूला दोन चिरा. डोळ्यांभोवती थोडं काजळ. सुई-दोऱ्याने तासाभरात होतं.

आणि ती चादर कापलीतच, तर सांधायला माझ्याकडे आणू नका.