जर्नलच्या नावापुढचं 'द' संदर्भसूचीत ठेवायचं की काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा: प्रबंध गोव्यातल्या साथीच्या रोगांवर, संदर्भ साठवण्याच्या झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वैद्यकीय जर्नलचं नाव कुठे 'द लॅन्सेट' तर कुठे नुसतं 'लॅन्सेट', 'द'मुळे सगळं टी अक्षराखाली साठतंय, आणि गाईड म्हणतात की नावांपुढची सगळी उपपदं ('द'सारखे शब्द) एकदाच उडवून टाका.

मी पणजीत ग्रंथालयात काम करतो, असले प्रश्न घेऊन विद्यार्थी येतच असतात. माझं उत्तर: उडवू नका. गोव्यावर लिहिणाऱ्याने तर नाहीच नाही.

कारण 'ओ हेराल्डो'. हे पोर्तुगीज दैनिक १९०० साली निघालं. १९०८ साली 'हेराल्डो' नावाचं दुसरंच दैनिक सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं दोन्ही निघत राहिली. पोर्तुगीज 'ओ' म्हणजे इंग्रजी 'द'च की. ते काढलंत तर तुमच्या तळटिपांत दोन वर्तमानपत्रांचं एक होईल, आणि बातमी पडताळायला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलेला परीक्षक भलतीच फाइल उघडून बसेल. 'ओ उल्त्रामार', 'आ व्हिदा' या पोर्तुगीज पत्रांचंही उपपद ठेवा. संदर्भ लिहिण्याच्या शिकागो पद्धतीचा नियमसुद्धा हेच सांगतो: इंग्रजी वर्तमानपत्राच्या नावापुढचं 'द' गाळा, इतर भाषांतलं उपपद ठेवा. म्हणजे सूचीत 'नवहिंद टाइम्स', पण 'ओ हेराल्डो'. एपीए ही दुसरी पद्धत मात्र 'द' ठेवायला सांगते. तेव्हा आधी विद्यापीठ कोणती पद्धत मागतं ते बघा. गाईडचा शब्द त्यानंतर.

आता लॅन्सेटकडे. यात तुमची चूक काही नाही. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून नोंद घेतली की ते क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडून 'द लॅन्सेट' येतं; तोच लेख पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवरून घेतला की 'लॅन्सेट', पुढे कंसात लंडन, इंग्लंड. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनची गंमत उलटी, तिथे 'द' पबमेडवाले लावतात आणि क्रॉसरेफवाले लावत नाहीत. सॉफ्टवेअर मिळेल तसं ठेवतं. ही दोन नावं एकाच नियतकालिकाची, हे त्याला आपणहून कळत नाही. झोटेरोत प्रकाशनाच्या रकान्यावर टिचकी मारून यादी त्या क्रमाने लावा, शंका आली तर आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) ताडून पाहा आणि मुखपृष्ठावर असेल ते पूर्ण नाव सगळीकडे एकसारखं करा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. 'द इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू' वापरलं असेल तर 'अँड' आणि त्याचं चिन्ह यांचाही घोळ तेव्हाच निस्तरा.

संक्षेपांचा रकाना वेगळा असतो. संक्षेपाच्या आंतरराष्ट्रीय नियमात, म्हणजे आयएसओ ४ मध्ये, उपपदं गळतातच. त्यामुळे संक्षिप्त नावं वापरणाऱ्या व्हँकुव्हर पद्धतीत हा प्रश्नच उरत नाही. झोटेरोच्या वर्ड प्लगिनमध्ये मेडलाइन या वैद्यकीय सूचीतले संक्षेप वापरण्याचा पर्याय आहे. एंडनोट हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्यातल्या जर्नलच्या टर्म लिस्टमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत, 'द'सकट आणि 'द'विना अशी दोन्ही नावं भरावीत, नाहीतर नाव जुळत नाही आणि पूर्ण नावच छापून येतं.

'सगळं टी अक्षराखाली साठतंय' ही तुमची तक्रार बहुधा झोटेरोच्या खिडकीतली असावी. छापील सूची लेखकाच्या आडनावाने लागते, जर्नलच्या 'द'ने तिचा क्रम हलत नाही. हलतो तो निनावी बातम्यांच्या बाबतीत, आणि जुन्या गोमंतकीय पत्रांत निनावी मजकूर भरपूर. शिकागोत अशा बातमीला लेखकाच्या जागी वर्तमानपत्राचंच नाव येतं आणि अक्षरक्रम लावताना उपपद सोडून पुढचा शब्द धरतात, म्हणजे 'ओ हेराल्डो' एच अक्षराखाली. ग्रंथालयाच्या तालिकेत यासाठी किती अक्षरं ओलांडायची तो आकडाच भरतात: रोमन लिपीतल्या 'द'ला मोकळ्या जागेसकट ४, 'ओ'ला २. संदर्भसूची करणाऱ्या बिबलेटेक या साधनात 'सॉर्टटायटल' हा रकाना त्याच कामाचा. झोटेरोत इतकी सोय मिळेल अशी अपेक्षा धरू नका. सगळं लिहून झाल्यावर, झोटेरोशी असलेले दुवे तोडलेल्या शेवटच्या प्रतीत त्या ओळी हाताने हलवा.

प्रबंध मराठीतून असेल तर आणखी एक कटकट. इंग्रजी नावं देवनागरीत लिहिताना कुणी 'द' लिहितं, कुणी 'दि', आणि 'द नवहिंद टाइम्स' जाऊन बसतं 'दैनिक' आणि 'दिवाळी अंक' यांच्या शेजारी. एकच रूप ठरवा, आणि ती नोंद 'न'खाली लावा.