वाचक विचारतात : लाहोरची टेनिसवाली मुलगी

प्रश्न : ताई, आम्ही दांडिया बाजारात राहतो. लेक १४ ची, रोज पहाटे टेनिसला जाते. काल विचारत होती, पाकिस्तानात मुली टेनिस खेळतात का? मला सांगताच येईना.
– एक आई, बडोदा

उत्तर : खेळतात हो, आणि मनापासून खेळतात! उशना सुहैल हे नाव लेकीला सांगा, लाहोरची आहे, जन्म १९९३ चा, देशाकडून फेड कप खेळली, म्हणजे देशादेशांच्या महिला संघांची टेनिस स्पर्धा, जिला २०२० पासून बिली जीन किंग कप म्हणतात. मला तिचं फार कौतुक वाटतं, कारण रँकिंगचे पॉइंट्स मिळतात ते इंटरनॅशनल स्पर्धांत, त्या घराजवळ नसल्या की बॅग उचलून परदेशात जायचं, विमान हॉटेल सगळा खर्च करायचा आणि पहिल्याच राउंडला हरलं तर दुसऱ्या गावी परत तेच. सारा महबूब खानही तिच्याच पिढीतली.

त्यांच्या आधीही खेळायच्या बरं का. पाकिस्तानचा टेनिसपटू ऐसाम-उल-हक माहितीये ना, आपल्या रोहन बोपण्णाबरोबर २०१० ला यूएस ओपनची डबल्स फायनल खेळलेला? त्याची आई नौशीन पाकिस्तानची नॅशनल चॅम्पियन होती, आणि आईचे वडील ख्वाजा इफ्तिखार अहमद फाळणीआधीचे ऑल इंडिया चॅम्पियन. म्हणजे रॅकेट आईच्या माहेरून आली!

आणि हो, आपल्या गुजरातच्या अंकिता रैनाचंही सांगा, २०२१ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या डबल्सला मेन ड्रॉत, म्हणजे मुख्य स्पर्धेत, होती. लेक पहाटे उठते ना, मग तिला उठवत राहा, आणि शूजचे तळवे झिजलेत का तेवढं बघा, पाय घसरतो.