सातवीतल्या मुलाचे गुण ओळखायला ‘डावा मेंदू-उजवा मेंदू’ चाचणी करावी का?

पैसे वाचवा. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींना 1981 साली नोबेल मिळालं ते मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा कापलेल्या रुग्णांच्या अभ्यासावर. त्याचंच पुढं लोकांनी ‘हा डाव्या मेंदूचा म्हणजे हिशेबी, तो उजव्या मेंदूचा म्हणजे कल्पक’ करून टाकलं. धडधाकट पोराचे दोन्ही भाग सतत एकमेकांशी बोलत असतात.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात शिकवतो. माझ्या वर्गातला एक मुलगा फळ्यापुढं गणितात गप्प. आठवडी बाजारात आईशेजारी मिरची विकताना बघितला: पावणेदोन किलोचा हिशेब तोंडी, गिऱ्हाईकाशी कन्नडात, आईला मराठीत, सुट्टे पैसे परत देईपर्यंत चूक नाही! त्याला डोकं होतं, फक्त आमची उदाहरणं त्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी अपूर्णांक मिरचीच्या भावानं शिकवले. (वर्गाला ठसका लागला नाही, एवढंच.)

तेव्हा पोरगं कुठं वेळ विसरतं, कुणाला काय समजावून सांगतं, ते महिनाभर वहीत टिपा. आणि त्यालाही सांगा, पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला की वाचलेलं पक्कं लक्षात राहतं, नुसतं परत परत वाचून तेवढं राहत नाही. झोप मात्र पुरेशी हवी, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा.