मॉडेल रेल्वे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला सर्वांत जास्त पत्रं गाडी घसरण्याबद्दल आली, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी मापं एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाची आणि १६.५ मि.मी. गेजच्या (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या) रुळाची समजावीत.

प्रश्न : माझ्या मालगाडीतली एकच वाघीण एका ठरावीक सांध्यावर (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जोडणीवर) दर दोन-तीन फेऱ्यांनी घसरते. सांधा काढून नवा बसवला, तरी तेच. बाकीच्या वाघिणी त्याच सांध्यावरून नीट जातात.

उत्तर : सांध्याला हात लावण्याआधी वाघीण उलटी करून बघायला हवी होती. सगळ्या गाड्या एकाच जागी घसरत असतील तर रूळ तपासायचा. एकच गाडी जागोजागी घसरत असेल तर गाडी. तुमच्याकडे गाडीही एक आणि जागाही एक. अशा वेळी बहुधा गाडीचंच एखादं माप चुकलेलं असतं. साध्या रुळावर ते खपून जातं, सांध्यावर उघडं पडतं.

पहिलं माप घ्यायचं ते एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधल्या अंतराचं. ते १४.४ मि.मी.च्या आसपास हवं. व्हर्निअर कॅलिपरने चाक फिरवत तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे वेगळे आले तर चाक आसावर तिरकं बसलंय. अंतर जास्त असेल तर काय होतं ते समजून घ्या : सांध्याच्या फ्रॉगसमोर (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकासमोर), पलीकडच्या रुळाच्या आतल्या बाजूला जी चेक रेल नावाची छोटी पट्टी असते, ती पलीकडच्या चाकाला आतून धरून अख्खा आस बाजूला ओढते, म्हणजे अलीकडच्या चाकाची कड (चाकाच्या आतल्या अंगाची उंच कडा) फ्रॉगच्या टोकाला न लागता निघून जाते. चाकं एकमेकांपासून दूर गेली असतील तर चेक रेलने ओढूनही ही कड पुरेशी बाजूला सरत नाही. ती फ्रॉगच्या नाकावर आपटते आणि वर चढते, नाहीतर भलत्याच वाटेला लागते. शिवाय कडा दोन्ही रुळांना आतून घासत जातात आणि गाडी वळणावर चढून उतरते. अंतर कमी असेल तर चाकांच्या आतल्या बाजू चेक रेलला घासून अडकतात आणि चाक तिच्यावर चढतं.

दुरुस्ती हातानेच होते. दोन्ही चाकं बोटांत धरून पिळत पिळत ओढा किंवा दाबा. सरळ ओढू नका, तसं केल्याने चाक तिरकं होतं. दोन्ही चाकं सारखीच सरकवा, नाहीतर आस मध्यावर राहत नाही. एका चाकाच्या मध्याशी प्लास्टिकचं वेष्टन असतं, ते दोन चाकांमधलं विद्युतरोधन आहे. ते ढिलं झालं असेल तर पिळत बसण्यापेक्षा आस बदललेला बरा.

माप बरोबर निघालं तर बोग्यांकडे वळा. (बोलताना आपण डब्यालाच बोगी म्हणतो, इथे बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट.) वाघीण सपाट काचेवर ठेवा आणि एकेका कोपऱ्यावर बोट दाबा. एखादं चाक अधांतरी राहत असेल, तर दोन्ही बोग्यांचे स्क्रू सारखेच आवळलेले आहेत. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की बोगी फिरेल, पुढे-मागे झुकेल, पण डावी-उजवीकडे डुलणार नाही. दुसरीचा स्क्रू अर्धा ते एक फेरा सैल ठेवा, तिला सगळीकडे हलू द्या. तीन पायांचं स्टूल कुठेही ठेवलं तरी डगमगत नाही. वाघिणीलाही असेच तीन आधार मिळतात आणि सगळी चाकं रुळावर टेकतात. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत जास्त वेळा लागू पडतो. तरीही लोक तो सर्वांत शेवटी करून बघतात.

राहिलं वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचं वजन २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण ५.६ ग्रॅम असावं. म्हणजे १५ सें.मी.ची वाघीण ११२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. वजन मध्यावर आणि शक्य तितकं खाली बसवा. एक कळकळीची सूचना : बंद डब्यात शिशाचे छर्रे भरून ते सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने कधीही चिकटवू नका. त्या डिंकाची शिशाशी हळूहळू रासायनिक क्रिया होते, पदार्थ फुगतो आणि काही वर्षांनी डब्याच्या भिंती फाकतात. इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

आता तुम्ही बसवलेल्या नव्या सांध्याबद्दल. हलती पाती बाजूच्या रुळाला चिकटते तिथे, चाक ज्या दिशेने येतं त्याच दिशेने, नख फिरवा. नख अडलं तर चाकाची कडही अडणार. पातीचं टोक बारीक कानसाने आतल्या बाजूने दोन-चार घासांत उतरवा, पुन्हा नख फिरवा, आणि नख सुळकन गेलं की थांबा.

प्रश्न : गाडी कंट्रोलरजवळ झकास धावते, पण लेआउटच्या दुसऱ्या टोकाला मंदावते. रूळ पुसून स्वच्छ केले, फरक नाही. एकूण मार्ग ११ मीटर, वीजजोडणी एकाच जागी.

उत्तर : दोष त्या ‘एकाच जागी’त आहे. रुळाचा निकेल सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी नावालाही नसते आणि तांब्याच्या मानाने तो वीज फारच कमी वाहतो. शिवाय प्रत्येक जॉइनरमध्ये (रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्टीमध्ये) थोडा विरोध असतो. जॉइनर सैल झाला किंवा रुळाला रंग देताना आत रंग शिरला की तो आणखी वाढतो.

बेसबोर्डच्या खालून मार्गाच्या बरोबरीने २.५ चौ.मि.मी. जाडीच्या दोन मुख्य वायरी न्या, दोन वेगळ्या रंगांच्या. रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून ०.५ चौ.मि.मी.ची छोटी वायर खाली आणून त्यांना जोडा. ही वायर ३० सें.मी.पेक्षा लांब नको. जॉइनर फक्त रूळ सरळ रेषेत धरायला आहे असं समजा, वीज न्यायचं काम त्याच्यावर सोपवू नका.

सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला करा, आतल्या अंगाने चाकाची कड जाते. रूळ तिथे घासून चकचकीत करा, राळेचा फ्लक्स लावा (आम्लाचा नको, तो धातू खात राहतो), आणि रूळ व वायर दोन्हींवर आधी वेगवेगळा कथलाचा पातळ थर चढवा. मग वायर टेकवून तापलेलं टोक दोन-तीन सेकंद धरा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले की प्लास्टिक वितळत नाही. नीट बसलेला जोड चमकतो आणि कडेला पातळ होत रुळात मिसळतो. मळकट, दाणेदार गोळा झाला तर तो थंड जोड आहे, पुन्हा करा. लहान, कमी वॅटचं आयर्न इथे जास्त नुकसान करतं : तापायला वेळ लागतो, तेवढ्यात उष्णता रुळातून पसरून स्लीपर मऊ होतात.

काम झाल्यावर तपासणी. साध्या डीसीवर १२ व्होल्टचा मोटारीचा दिवा रुळाला जोडून जवळच्या आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज मोजा. दिवा न जोडता मोजलं तर दोन्हीकडे सारखंच दिसेल आणि फसाल. फरक एक व्होल्टच्या आत हवा. डीसीसी (रुळातून संदेश पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल यंत्रणा) असेल तर लांबच्या टोकाला दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवा. यंत्रणेने तत्काळ वीज तोडली पाहिजे. तोडली नाही, तर गाडी घसरून शॉर्ट होईल तेव्हाही ती तोडणार नाही आणि तो सगळा प्रवाह चाकांतून वाहत राहील.

प्रश्न : खडी पसरून डिंक-पाणी सोडलं तर खडीचे गोळे झाले, मधे खड्डे पडले आणि एक सांधा पार चिकटला. सगळं उखडावं लागेल का?

उत्तर : नाही. साधा पांढरा डिंक वाळल्यावरही पाण्याने मऊ होतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्या भागावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग बोथट सुरीने खडी अलगद सुटते. जलरोधक डिंकाचं मात्र असं होत नाही, म्हणून या कामासाठी तो घेऊच नये.

गोळे झाले कारण खडी कोरडी होती. कोरड्या, धुळकट दाण्यांवर पाण्याचा थेंब पसरत नाही, पृष्ठताणामुळे गोल राहतो आणि भोवतालचे दाणे उचलून घेतो. म्हणून आधी भिजवणं, मग डिंक.

दाणा किती बारीक हवा तेही बघा. खऱ्या मार्गावरची ५० मि.मी.ची खडी १:८७ मध्ये ०.६ मि.मी.पेक्षाही थोडी लहान होते. तयार पाकिटांतली खडी पुष्कळदा यापेक्षा मोठी असते आणि मग रुळाखाली धोंडे टाकल्यासारखे दिसतात. आमची पसंती दळलेल्या खऱ्या दगडाला. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हलका असल्यामुळे पाण्यावर तरंगतो.

दोन स्लीपरांच्या मधे चिमटीने खडी सोडा आणि मऊ, रुंद ब्रशने रुळाच्या दिशेने सरकवा. दाणे स्लीपरच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहू द्या. मग चमच्याच्या दांड्याने रुळावर हलकेच टकटक करा. रुळाच्या बगलेत आणि स्लीपरांच्या माथ्यावर अडकलेले दाणे उड्या मारत खाली येतात. ही पायरी गाळली तर ते दाणे तिथेच वाळतात आणि चाकाच्या कडा त्यांवरून ठेचकाळत जातात. यानंतर बारीक फवाऱ्याने पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. फवारा वरच्या दिशेने मारा, धुक्यासारखा खाली उतरू द्या. थेट मारला तर खडी उडते. पूर्ण भिजल्यावर समभाग डिंक आणि पाणी, साबणाचा एक थेंब घालून, ड्रॉपरने स्लीपरांच्या मधोमध सोडा. दोन स्लीपरांमधे दुधी रंग तरळायला लागला की पुढे सरका. चोवीस तास हात लावू नका.

सांध्यापाशी पद्धत वेगळी. पात्या हलवणाऱ्या आडव्या पट्टीखाली आणि पात्यांच्या टोकांजवळ खडी टाकूच नका. रूळ बसवण्याआधी तेवढ्या जागेला खडीच्याच रंगाचा हात द्या. बाकीच्या सांध्यात चिमूटभर खडी टाकून डिंक थेंबाथेंबाने द्या आणि वाळेपर्यंत दर अर्ध्या तासाने पाती इकडून तिकडे हलवा.

प्रश्न : २.४ × १.२ मीटरच्या बोर्डावर एक मार्ग दुसऱ्यावरून पुलाने न्यायचा आहे. ३ टक्के चढ चालेल का?

उत्तर : आकडे मांडू. खालच्या रुळापासून पुलाच्या तळापर्यंत ७५ मि.मी. मोकळे हवेत, पुलाची जाडी आणि वरचा रूळ धरून रुळापासून रुळापर्यंत ९० मि.मी. होतात. ३ टक्क्यांनी ९० मि.मी. चढायला ३ मीटर, उतरायला आणखी ३. तुमच्या बोर्डावर ५० सें.मी. त्रिज्येचा लांबट मार्ग जेमतेम साडेपाच मीटर भरतो. म्हणजे बसत नाही.

उंची वाटून घ्या. वरचा मार्ग ४५ मि.मी. चढवा आणि खालचा तेवढाच उतरवा. मग प्रत्येकाला चढ-उतार मिळून ३ मीटर लागतात. चढ जिथे सुरू होतो आणि संपतो, तिथे २० सें.मी. अर्ध्या चढाचे ठेवा, नाहीतर लांब इंजिनाची मधली चाकं उचलली जातात आणि कपलर (डबे जोडणारे आकडे) वर-खाली होऊन सुटतात. त्यासाठी मार्गागणिक आणखी ४० सें.मी. धरा. खालचा मार्ग बोर्डाच्या पातळीखाली जाणार, म्हणून अखंड प्लायवूडऐवजी उघडी लाकडी चौकट करावी लागेल. आणि ५० सें.मी. त्रिज्येच्या वळणावरचा ३ टक्के चढ इंजिनाला सरळ मार्गावरच्या ४ टक्क्यांहून जड जातो, तेव्हा पूल ठरवण्याआधी फळीवर तात्पुरता रूळ टाकून तुमची सर्वांत लांब गाडी ओढून बघा.

प्रश्न : डब्यावर पाण्याचे डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) लावले की अक्षरांभोवती चंदेरी झाक दिसते.

उत्तर : डीकॅलखाली हवा अडकली आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्याच्या खळग्यांत ती राहते. आधी ग्लॉस वार्निशचा थर, तो पूर्ण वाळल्यावर डीकॅल, त्यावर सेटिंग सोल्युशन (डीकॅल मऊ करून बसवणारं द्रावण), आणि शेवटी मॅट वार्निश, असा क्रम ठेवा. लागलेले डीकॅल वाचवायचे तर सुईच्या टोकाने चंदेरी जागी बारीक टोचे द्या आणि सोल्युशनचा थेंब सोडा. सोल्युशनने डीकॅल सुरकुतलं तरी बोट लावू नका. वाळताना ते आपोआप ताणून बसतं.

प्रश्न : ओओ आणि एचओच्या गाड्या एकाच रुळावर चालतील?

उत्तर : चालतील, दोन्हींचं गेज १६.५ मि.मी.च आहे. पण ओओचं प्रमाण १:७६, त्यामुळे तिचा डबा एचओच्या डब्याशेजारी थोराड दिसतो. १४३५ मि.मी.च्या खऱ्या गेजला एचओमध्ये १६.५ बरोबर येतं, ओओमध्ये सुमारे १८.८ हवं होतं; म्हणजे ओओची गाडी अरुंद रुळावरच उभी असते. एकाच गाडीत दोन्ही जोडू नका.

प्रश्न : गाडी फिरून उलट दिशेने परत यावी म्हणून शेवटी फासासारखा वळसा केला. रूळ जोडताच शॉर्ट सर्किट होतं. डीसीसी आहे.

उत्तर : वळसा पूर्ण झाला की डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो, म्हणून शॉर्ट होणारच. वळशाच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, विद्युतरोधक जॉइनर घाला आणि त्या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर मॉड्यूलमधून (रुळांच्या विजेच्या बाजू आपोआप उलटवणाऱ्या यंत्रातून) वीज द्या. तो तुकडा तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. धातूच्या चाकांचे डबे दोन्ही टोकांचे रोधक एकाच वेळी ओलांडत असतील, तर मॉड्यूलने कोणतीही बाजू घेतली तरी एका टोकाला शॉर्ट राहतोच.