पावसाळ्यात घरात अडकलेल्या लहान मुलांना फारसा खर्च न करता काय खेळवावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यजमानांची बदली, रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी दीडची, बाहेर जूनपासून पाऊस आणि आत दोघांचा धुडगूस. महिन्याला हजारभर रुपयांचे ते ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’ मागवावेत का, असं विचारलंय. माझं मत सरळ आहे, मागवू नका. त्या खोक्यातल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. पोराला ते उत्तर सापडलं की खेळ संपला आणि खोका माळ्यावर गेला. ज्या वस्तूचं काहीच ठरलेलं नाही, तीच जास्त दिवस पुरते.

मी एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, त्यामुळे हर्णैजवळच्या आमच्या घरी नातू आणि नात दिवसभर माझ्या ताब्यात असतात. तेव्हा शास्त्र वगैरे सांगणार नाही, आमच्याकडे काय चालतं ते सांगतो.

आमचा सगळ्यात जुना आणि अजूनही न विटलेला खेळ म्हणजे अर्थातच एसटी. ओटीवर खुर्च्या एकामागे एक लावायच्या. खुर्च्या कमी पडल्या तर पाट, उशा, उलटी घातलेली बादली. पुढे ड्रायव्हरच्या हातात स्टीलचं ताट. तिकिटांसाठी कालनिर्णयचं उलटून गेलेलं पान कापून चौकोन करायचे. पंच म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा. बेलसाठी खिडकीच्या गजाला आखूड सुतळी आणि तिला दोन चमचे. सुतळी वीतभरापेक्षा मोठी नको आणि खेळ झाला की सोडून ठेवायची, धाकटी गळ्यात अडकवून घेईल. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. साडेतीन वर्षांच्या पोराला एवढा नियम पुरतो, आणि तो इतका कडक पाळतो की मला चहाला उठायचं असलं तरी आधी बेल मारून गाडी थांबवून घ्यावी लागते.

मग थांबे. आमची गाडी हर्णै, आसूद, दापोली अशी जाते. तुम्ही मारुती मंदिर, जयस्तंभ, मांडवी घ्या, म्हणजे मुलाला नवं गावही पाठ होईल. काही दिवसांनी उलटा फेरा सुरू करा. मांडवीहून परत येताना आधी काय लागेल, हे त्याला डोक्यात फिरवून बघावं लागतं. ‘दोन फुल, एक हाफ’ म्हटलं की मोजणं आपोआप येतं. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बाराला हाफ, हाही नियम आम्ही सांगून ठेवलाय. म्हणजे आमच्या गाडीचा कंडक्टर स्वतःच फुकटातला प्रवासी आहे, पण ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. घाटात दरड कोसळते तेव्हा सगळ्या उशा वाटेवर येऊन पडतात आणि प्रवाशांना उतरून रस्ता मोकळा करावा लागतो. पसारा आवरायची ही आमची एकमेव यशस्वी पद्धत.

फक्त एक करा, गाडी तुम्ही चालवू नका. तुम्ही प्रवासी व्हा. पिशवी मांडीवर घेऊन बसा, भाजी निवडत बसलात तरी चालतं. मधूनच ‘मास्तर, सुटे नाहीत हो’ म्हणा. आईने ‘आता असं कर, आता तसं कर’ सुरू केलं की पोरं खेळ सोडून आईचं तोंड बघत बसतात.

घरातल्या, अंगणातल्या वस्तूंवर मुलांना वाढवायचं, यात नवं काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली. बोर्डी आपल्याच किनाऱ्यावरची, डहाणू तालुक्यातली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी पद्धतीची महाग साधनं आदिवासी पाड्यांवर कुठून आणणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेमागे हे काम आहे.

शिंपल्यांवरून आठवलं. घरी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या तर त्या विळीवर न कापता उकळत्या पाण्यात उघडा, म्हणजे प्रत्येकीच्या दोन्ही शिंपा जोडीने मिळतील. सुकं खाऊन झालं की शिंपा जुन्या ब्रशने घासा, पुन्हा एकदा उकळा आणि खडखडीत वाळवा. पावसात ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरा. यात कसूर केली तर दुसऱ्या दिवशी घरभर वास आणि मुंग्यांची रांग. आता जोड्या वेगळ्या करून मिसळा आणि मुलाला जोडीदार शोधायला सांगा. मजा अशी की एका तिसरीची शिंप दुसरीला नीट बसत नाही. सांध्यापाशी बारीक दात असतात, ते आपल्याच जोडीदाराच्या खाचेत बसतात. परकी शिंप दिसायला तेवढीच असली तरी डुगडुगते, कडेला फट राहते. नातू आधी रंगावरून जोड्या लावायचा. मग केव्हातरी त्याने डोळे मिटले आणि दोन शिंपा बोटांत धरून हळूच फिरवून बघायला लागला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तीन जोड्यांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा.

घरात मासे चालत नसतील तर उघडीप मिळेल तेव्हा किनाऱ्यावरून रिकाम्या शिंपा वेचा. शंख उचलला तर आधी उलटा करून बघा, आत खेकडा राहत असला तर होता तिथे ठेवा. कालवांच्या शिंपा मात्र नकोत, त्यांची धार ब्लेडसारखी लागते.

हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, तो बघून आमच्या पोरांनी ओटीवर लिलाव सुरू केला. पानांची पापलेटं, झावळीच्या हिरांचे, म्हणजे काड्यांचे, बोंबील, टोपलीभर ‘म्हावरा’ आणि त्यामागे नातीची बोली: ‘पन्नास, वीस, शंभर, घ्या!’ आकडे चढते असावेत असा आग्रह मी धरत नाही.

नारळाचं सगळंच कामाला येतं. करवंटीची कड खरखरीत दगडावर पाणी टाकून घासा, बोट फिरवून टोचत नाही ना बघा. डोळ्यांकडच्या अर्ध्या भागात तीन डोळे असतात. त्यातले दोन टणक, एक मऊ. मऊ डोळा खिळ्याने सहज उघडतो. त्यातून दोरी ओवून आत गाठ मारली, अशा दोन करवंट्या केल्या आणि दोऱ्या हातात धरल्या की त्यावर उभं राहून चालता येतं. लादीवर घोड्याच्या टापा वाजतात. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. साडेतीन वर्षांच्याला सुरुवातीला हात धरावा लागेल. नुसत्या एकमेकींवर आपटल्या तरी टापा वाजतात, ते धाकटीचं काम. झावळीची पात सोलून गुंडाळलेली पिपाणी आणि हिरावर फिरणारं भिरभिरं लिहून समजावता येणार नाही. तुमच्या नारळवाल्याला विचारा, तो उभ्या उभ्या करून दाखवेल.

पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, वाळून पडलेली विरी (झावळीच्या बुंध्याचा रुंद, पसरट भाग) मिळाली तर सोन्याहून पिवळं. एकाने रुंद भागावर बसायचं आणि दुसऱ्याने देठ धरून ओढायचं. इमारतीच्या लांब पॅसेजमध्ये ती छान घसरते. जिन्याच्या बाजूला मात्र एक मोठं माणूस उभं हवंच.

स्वयंपाकघरात रंगांचा खेळ आहे, तो पोरांना जादू वाटतो. पांढऱ्या वाटीत पाणी आणि चमचाभर कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट आंबट रस, घाला, वर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकू द्या. फेस उसळतो, आणि सोडा वाढवत गेलं की लाल रंग जाऊन पाणी निळसर काळपट होतं. दुसऱ्या वाटीत हळदीचं पाणी. त्यात सोडा पडला की ते लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. आगळ आंबट असतं आणि सोडा त्याच्या उलट, एवढं कारण मोठ्याला सांगितलंत तरी पुरे. जुने कपडे घाला, हळदीचे डाग जात नाहीत.

मळायला चिकणमाती विकत आणू नका. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि पाणी बेताने घालून घट्ट गोळा करा. झाकून फ्रीजमध्ये ठेवला तर काही दिवस चालतो. खारट असल्यामुळे पोरं एकदा चाखून पुन्हा तोंडात घालत नाहीत, तरी लक्ष असू द्या. गणपतीच्या दिवसांत तर उकडीचाच एक छोटा गोळा हातात द्या. मोदकाच्या पाऱ्या कशाही पडल्या तरी वाफवून त्यालाच खाऊ घाला.

पाण्याचा खेळ बाथरूममध्ये. तांब्या, गाळणी, भोक पाडलेली करवंटी, आणि काय तरंगेल, काय बुडेल याची पैज. एवढासा खडा बुडतो आणि एवढा मोठा असोला, म्हणजे न सोललेला, नारळ तरंगतो, हे पोरांना पटत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा टाकून बघतात. पण तिथून क्षणभरही हलायचं नाही. दीड वर्षाचं मूल बादलीत डोक्यावर पडलं तर वीतभर पाणीही जीवघेणं होतं. खेळ संपला की बादली उपडी. पावसात भिजायचं असेल तर पागोळ्यांखाली भिजू द्या, डबक्यात नको. कोकणात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप असतो, आणि तो उंदरांच्या, गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून येतो.

धाकटीसाठी नियम वेगळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सव्वा इंचाच्या भोकातून जाईल अशी कोणतीच वस्तू नको. म्हणजे चिंचोके, सागरगोटे, कुळीथ, लहान शिंपा सगळंच बाद. कुळीथ-वाटाणे पोरं नाकात घालतात आणि ते आत ओलीने फुगतात. तिला झाकणं, पळ्या, मोठे डबे आणि एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका द्या. गुंजा तर दोघांच्याही हाती नकोत. लालभडक, काळ्या ठिपक्याच्या, म्हणून कोणीतरी कौतुकाने आणून देतं, पण फुटलेली गुंज पोटात जाणं म्हणजे विष. कच्ची काजूबीही तशीच दूर ठेवा, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

मोबाईलचंही तुम्ही विचारलंय. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त पडदा नको आणि कमी तेवढं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. आमच्याकडे जेवताना नाही, एवढाच नियम, तोही माझ्यामुळे मोडतो.

सामान सगळं एकदम काढू नका. आज शिंपा, पोरं त्यांना कंटाळली की त्या डब्यात, मग करवंट्या. चार दिवसांनी तोच डबा नव्याने उघडतो. आणि रात्री एसटी उभी असेल तर उभी राहू द्या, सकाळी पहिली गाडी तिथूनच सुटते.

करवंट्या तुमच्या घरातच निघतील, रोज नारळ फुटत असणारच. विरीसाठी आजूबाजूच्या गावात ज्यांच्या बागेत पोफळी असतील त्यांना विचारा. बंबात घालायला गोळा करून ठेवतात, पोरांना खेळायला हवी म्हटलंत तर दोन-चार सहज देतील. आणताना झटकून घ्या, पावसात आत गोम असते.