वाचकांचे प्रश्न: कोर्टातून थेट मासेमारीच्या धक्क्यावर?

प्रश्न: ताई, मागच्या अंकात तुम्ही मिशिगनमधल्या तुमच्या अनिशिनाबे (तिथल्या मूळ आदिवासी लोकांपैकी) मैत्रिणीबद्दल लिहिलं होतंत. अत्याचार सोसलेल्या बायकांच्या पाठीशी उभी राहणारी ही कार्यकर्ती आता मच्छीमारांसाठी काम करते. मूळ काम सोडल्यासारखं नाही का हे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: मुळीच नाही. कोर्टाच्या बाकावर तिच्या शेजारी मी बसलेली आहे, म्हणून ठामपणे सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या ऑलिफंट निकालाने आदिवासी कोर्टांचा बिगर-आदिवासींवर फौजदारी खटला चालवायचा अधिकारच गेला. मारणारा बाहेरचा असला, की बाईच्या स्वतःच्या कोर्टाचे हात बांधलेले. घरगुती हिंसाचारापुरते ते 2013 च्या कायद्याने थोडे मोकळे झाले. लैंगिक अत्याचारासाठी 2022 उजाडावं लागलं. इतकी वर्षं बायकांना काय सांगायचं? मला त्याची आजही चीड येते.

पाण्यावरही भांडण तेच: इथे कायदा कुणाचा? 1836 च्या करारात ओडावा आणि ओजिब्वे या अनिशिनाबे लोकांनी मिशिगनमधली अफाट जमीन अमेरिकी सरकारला दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तरीही 1971 मध्ये बे मिल्स या ओजिब्वे वस्तीतल्या अल्बर्ट लब्लाँ यांच्यावर जाळं टाकल्याबद्दल राज्याने गुन्हा नोंदवलाच. फेडरल न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी हा हक्क मान्य केला तो 1979 मध्ये. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भाल्याने मासे मारणाऱ्या ओजिब्वे कुटुंबांवर धक्क्यावर दगड आले, घाणेरड्या शिव्या आल्या. धमकी आली की काय टिपून ठेवायचं, साक्षीला कुणाला उभं करायचं, घाबरलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं नाही, हे माझ्या मैत्रिणीला आधीच्या कामातून पक्कं ठाऊक आहे.

आता तर मासळीच आटत चालली आहे. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांत क्वागा नावाच्या परक्या शिंपल्यांनी पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून संपवलं. व्हाइटफिश या तिथल्या माशाची पिल्लं उपाशी मरतात. पाणी नितळ झालं, ऊन तळापर्यंत पोचलं, शेवाळ माजलं. जाळं वर ओढलं की मासे मोजके आणि हिरवा बुळबुळीत चिखलच जास्त. तो बोटांनी निपटताना मी तिला पाहिलंय, सोबत मच्छीमारांच्या घरच्या बायका. ऑफिसातल्या खुर्चीवर तोंड न उघडणारी बाई जाळं साफ करता करता घरातलं सगळं बोलते, असा तिचा अनुभव. म्हणून हल्ली ती तिच्या कामाची कागदपत्रं धक्क्यावरच घेऊन जाते.