'फ्रोझन'चा उत्तरार्ध? अहो, अर्धं कशाचं?

प्रश्न असा आहे. एक वाचक मराठी विकिपीडियावर 'फ्रोझन २' या ॲनिमेशनपटाचा लेख वाढवतायत. पहिल्याच वाक्यात त्यांनी लिहिलं, "हा २०१३ सालच्या फ्रोझन या चित्रपटाचा उत्तरार्ध आहे." दुसऱ्या सदस्याने ते पुसून 'सिक्वेल' केलं. तिसरा आला, त्याने 'अनुवर्ती चित्रपट' केलं. मग पहिल्यांनी पुन्हा 'उत्तरार्ध'. 'इतिहास पहा'वर टिचकी मारली की एका शब्दाची ही फुगडी दिसते म्हणे. यातलं बरोबर काय, आणि 'ॲनिमेटेड'ला 'सचेतन' लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

आधी ते 'उत्तरार्ध' काढा. आत्ता, हे वाचता वाचता काढा.

हा शब्द हल्ली इतका ऐकतोय की कान किटले. कुठल्याही सिनेमाचा दुसरा भाग आला की मुलाखत घेणारी मुलगी विचारते, "उत्तरार्धाबद्दल काय सांगाल?" अगं, अर्ध कशाचं? चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणजे मध्यंतरानंतरचा, समोसा खाऊन परत येऊन बसल्यावरचा भाग. "उत्तरार्धात चित्रपट रेंगाळतो" हे वाक्य दर आठवड्याच्या परीक्षणात असतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो. आता तुमच्याच लेखात खाली कथानकाच्या विभागात कुणी लिहिलं, "उत्तरार्धात एल्सा समुद्र ओलांडायला निघते" (एल्सा म्हणजे सिनेमाची नायिका), तर वाचकाने कुठला उत्तरार्ध समजायचा? 'टॉय स्टोरी'चे १९९५ ते २०१९ या काळात चार चित्रपट आले. एक पूर्वार्ध आणि तीन उत्तरार्ध? ही कुठल्या शाळेतली गणितं?

आता कुणीतरी पाणिनी घेऊन येईल, म्हणून तेही उरकतो. अष्टाध्यायीत 'अर्धं नपुंसकम्' असं सूत्र आहे (२.२.२). नेमका निम्मा भाग सांगायचा तर 'अर्ध' नपुंसकलिंगी, एरवी पुल्लिंगी 'अर्ध' म्हणजे नुसता तुकडा. तेव्हा उत्तरार्ध म्हणजे 'नंतरचा तुकडा', काटेकोर निम्मा असण्याची गरज नाही, असा बचाव होऊ शकतो. भागवताचा दशम स्कंध घ्या. त्याचा पूर्वार्ध ४९ अध्यायांचा आणि उत्तरार्ध ४१ अध्यायांचा. मान्य, सारखे नाहीत. पण दोन्ही मिळून स्कंध एकच आहे ना? तुकडा म्हटला की अख्खी वस्तू आधी हवी. 'फ्रोझन' २०१३ साली अख्खा होता, त्याची गोष्ट संपली होती, लोक घरी गेले होते. सहा वर्षांनी, २०१९ च्या नोव्हेंबरात, दुसरा आला म्हणून पहिला मागे जाऊन अर्धा होत नाही.

'उत्तरभाग' लिहा. किंवा सरळ 'पुढचा भाग'. त्यात काही कमीपणा नाही. 'अनुवर्ती' मात्र नको. अर्थाने चुकीचा नाही, पण 'अनुवर्ती कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारलेली फाइल डोळ्यासमोर येते.

आणि 'सिक्वेल' परका म्हणून हाकलणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. लॅटिनमध्ये 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणं. सिक्वेल त्यातून आला. त्याच मूळ धातूचं संस्कृत रूप 'सच्', म्हणजे सोबत असणं, पाठोपाठ जाणं. त्यातून आला 'सचिव'. 'सखा'ही त्याच घरातला. राज्यव्यवहारकोशाच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले त्या काळात 'सुरनीस' हे पदाचं नाव जाऊन त्या जागी 'सचिव' बसला, तो थेट आजच्या मंत्रालयापर्यंत. तेव्हा सिक्वेल आणि सचिव चुलतभाऊ लागतात. दोघेही कुणाच्या तरी मागून चालणारे. यावर आणखी लिहिता येईल, पण मला 'उत्तर'कडे जायचंय.

कारण 'उत्तर' हा शब्द म्हणजे मेजवानी आहे.

'उत्तर' म्हणजे उद् अधिक तर. उद् म्हणजे वर. 'तर' हा तुलनेचा प्रत्यय, लघुतर-गुरुतरमधला. म्हणजे उत्तर = 'अधिक वरचं'. मग 'सगळ्यात वरचं' काय? उद् अधिक तम: उत्तम! आपण रोज "उत्तम, उत्तम" म्हणतो आणि तो 'उत्तर'चा थोरला भाऊ आहे हे कुणाच्या गावी नसतं. काही शास्त्रीबुवा अजून सांगतात की 'उत्तर' हा उत् + तॄ, म्हणजे 'पार होणे' यातून आला. उत्तर प्रश्नाला पार करतं वगैरे. ऐकायला गोड आहे. पण मग 'उत्तम'चं काय करणार? त्याला कुठल्या नदीपार नेणार? तॄ धातूतून आलं ते आपलं 'उतरणं'. मुळात पाण्यातून वर निघणं, काठाला लागणं. होडीतून काठावर उतरता उतरता मराठीत ते जिन्यावरून खाली यायला लागलं. ते घराणं वेगळं, हे वेगळं.

तर, अधिक वरचं. अंगावर वरून घ्यायचं ते उत्तरीय. हिमालयाकडची, उंचावरची दिशा ती उत्तर. आणि वरचं म्हणजे नंतरचं हा अर्थ कसा आला, ते गाणाऱ्याला विचारा. सा रे ग म हे सप्तकाचं पूर्वांग, प ध नि सां हे उत्तरांग. उत्तरांग नंतर येतं आणि वरही असतं; दोन्ही अर्थ एका आलापात सापडतात. पुढे 'वर' गळून गेलं आणि 'नंतर' तेवढं उरलं: उत्तररात्र, उत्तरक्रिया, उत्तर पेशवाई. आमच्या आळीतले एक काका दर वर्षी गणपतीची मूर्ती बोटभर उत्तरेकडे सरकवतात आणि जमलेल्या पोरांना सांगतात, "म्हणून हिला उत्तरपूजा म्हणतात." काका, मूर्ती सरकवा, पण उत्तरपूजा म्हणजे नंतरची, शेवटची पूजा. मी हे एकदा बोललो. त्या वर्षी मला खिरापत सगळ्यात शेवटी मिळाली. उत्तर-खिरापत म्हणायची.

'उत्तम'लाही हे 'शेवटचं' चिकटलंय. संस्कृत व्याकरणात 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' मध्यम आणि 'मी' उत्तम पुरुष. लोकांना वाटतं, वा, स्वतःला उत्तम म्हणवून घेतलं! तसं नाही. ओळीत शेवटचा, एवढंच. मराठी व्याकरणाने इंग्रजीचा क्रम उचलला आणि 'मी'ला पहिल्या बाकावर आणून बसवलं. त्यात काय गमावलं, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आणि ग्रीकमध्ये 'नंतरचा' याला ह्युस्तेरॉस म्हणतात. तोही हाच, उद् + तर. इतका जुना शब्द हाताशी असताना आपण सिनेमाच्या नावापुढे 'अर्ध' लावतोय.

आता 'जबाब' हा अर्थ. आधी बोलणं होतं, नंतर बोलायचं ते उत्तर. स्मृतींमध्ये खटल्याचे चार पाद सांगितलेत. वादीची तक्रार हा पहिला, प्रतिवादीचं उत्तर हा दुसरा. शास्त्रार्थात पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. म्हणजे उत्तर नुसतं कालक्रमाने नंतरचं नसतं. जे आधीच्याला जबाब देतं ते उत्तर. आपल्या कीर्तनात बघा. पूर्वरंगात बुवा अभंग लावून निरूपण करतात, सिद्धान्त मांडतात. मग बुक्का, हार, नामाचा गजर. आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच सिद्धान्त गोष्टीने सिद्ध करतात. पूर्वरंगाशी संबंध नसलेलं आख्यान लावलं तर पहिल्या रांगेतल्या आजी तोंडावर सांगतात, "बुवा, आज जमलं नाही."

माझं म्हणणं असं, आणि हे माझंच म्हणणं आहे, कुठल्या कोशात शोधू नका: 'उत्तरभाग' हे नाव अशाच पुढच्या भागाला शोभतं जो आधीच्या भागाला उत्तर देतो. बाकीचे नुसते 'आणखी एक'.

पुरावा म्हणून संस्कृत नाटककार भवभूती. आठव्या शतकातला, पद्मपूरचा. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं, आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, म्हणजे आपला वैदर्भीय. त्याने आधी 'महावीरचरित' लिहिलं, ते रामाच्या राज्याभिषेकापाशी संपतं. मग 'उत्तररामचरित'. शीर्षकातच 'उत्तर' असलेला रीतसर उत्तरभाग! आणि तो सुरू कसा होतो? पहिल्या अंकाचं नावच चित्रदर्शन. राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवर रंगवलेली आपल्याच आयुष्याची चित्रं बघत फिरतात. लग्न, वनवास, शूर्पणखा. शूर्पणखेचं चित्र बघून सीता खरोखरच घाबरते आणि राम तिला सांगतो, अगं, हे चित्र आहे. "आत्तापर्यंत आपण पाहिलंत" याचा इतका देखणा नमुना मला दुसरीकडे दिसलेला नाही. 'फ्रोझन २'मध्ये हेच काम ओलाफ करतो. जंगलात अडकलेल्या लोकांपुढे तो बर्फाचा बाहुला एकटाच सगळी सोंगं घेत पहिला चित्रपट करून दाखवतो, धापा टाकत. भवभूतीला तो नक्की आवडला असता. आणि उत्तर? वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता भूमीत जाते. भवभूती शेवटच्या अंकात राम-सीतेची भेट घडवतो. हा कवीने कवीला दिलेला जबाबच आहे.

तुमच्या सिनेमाचंही तेच. पहिल्या भागात एल्साच्या अंगातल्या बर्फाबद्दल एवढंच विचारलं जातं की हे जन्मजात की शाप? राजा म्हणतो, जन्मजात. विषय मिटला. पण का, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या भागात तिला एक आवाज हाका मारायला लागतो, आणि बापाने लहानपणी सांगितलेली गोष्ट आठवते: पार उत्तरेला, जाता येईल तितक्या उत्तरेला एक मंतरलेलं अरण्य आहे. ती तिकडे जाते. आई त्या अरण्यातल्या नॉर्थुल्ड्रा लोकांपैकी होती, तिने शत्रूच्या मुलाचा जीव वाचवला होता, आणि एल्साची शक्ती हे त्याचं दान, हे तिला तिथे आणि त्याहून पलीकडे, समुद्रापार अहतोहालन या गोठलेल्या, आठवणी साठवणाऱ्या नदीत कळतं. उत्तर शोधत उत्तरेला जाणारा उत्तरभाग! इंग्रजीत या तीन गोष्टींना तीन शब्द लागतात. आपल्याकडे एकात काम होतं, आणि आपण लिहितो 'उत्तरार्ध'.

(हे नॉर्थुल्ड्रा ज्यांच्यावरून घेतले त्या सामी लोकांशी डिस्नेने करार केला आणि सिनेमा उत्तर सामी भाषेतही आणला. लेखात हे असू द्या. 'गाणी' विभागाखाली दडपू नका. आणि त्या भाषेच्या नावातही 'उत्तर' आहे, हे मी मुद्दाम सांगत नाहीये.)

तेव्हा वाक्य असं करा: "फ्रोझन २ हा २०१९ सालचा अमेरिकन ॲनिमेशनपट असून तो फ्रोझन (२०१३) या चित्रपटाचा उत्तरभाग आहे." आधी धूळपाटीवर लिहून बघा. विकिपीडियाच्या सरावाच्या पानाला ज्याने हे नाव दिलं त्याला माझा नमस्कार. धुळाक्षरं गिरवलेल्या माणसालाच ते सुचू शकतं. मग चर्चापानावर कारण टाका, म्हणजे चौथा येऊन पुन्हा फुगडी घालणार नाही. 'उत्तरपट' हा शब्दही मला सुचलाय, बोलपट, अनुबोधपट यांच्या चालीवर. पण तो विकिपीडियावर घालू नका. ज्ञानकोशात रुळलेले शब्द वापरायचे असतात, माझे नव्हेत. परीक्षणात कुणी वापरलाच तर मला कळवा.

बरं, तुम्ही मसुदा पाठवलात म्हणून दिसलं, माहितीचौकटीत "संपादक: जेफ ड्रॅहाइम" असं आहे. हे हिंदीवरून आलं असणार. तिथे दोन्हीकडे संपादकच चालतो. मराठीत चित्रपटाचे तुकडे जोडतो तो संकलक. संपादन तुम्ही करताय, त्याने संकलन केलंय. आणि एल्साला आवाज देणाऱ्या इडिना मेंझेलच्या पुढे 'भूमिका' नको, 'आवाज' लिहा.

'सचेतन'चं राहिलंच. लॅटिन 'आनिमा' म्हणजे श्वास, जीव, आणि आपल्या 'प्राण'मधला 'अन्' हा धातू तोच. पण आता हे सुरू केलं तर रात्र होईल. 'ॲनिमेशनपट' चांगला रुळलाय, तोच ठेवा. 'सचेतनपट' म्हटलं की मला ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेला माणूसच दिसतो.